गिम्पमध्ये ब्रश फिरतो पण उमटत नाही? आधी कीबोर्डवरचा हात तपासा

"ब्रश घेतला, रंग निवडला, फोटोवर फिरवला. काहीच होत नाही. काढून परत इन्स्टॉल केलं, तरी तेच." फोटोशॉपवर हात बसलेल्या माणसानं गिम्प, म्हणजे फोटोवर काम करायचा मोफत प्रोग्रॅम, उघडलं की पहिल्या आठवड्यात ही तक्रार ठरलेली. फोटो स्टुडिओवाले, अर्ज भरून देणारे सेवा केंद्रवाले, शाळेच्या वार्षिकांकाचं काम गळ्यात पडलेले शिक्षक, सगळ्यांची हीच. आणि जवळजवळ प्रत्येकाचा निष्कर्षही एकच: फुकटातलं आहे, म्हणून असं चालतं.

तसं नाही. गिम्पनं तुमचं ऐकलेलं असतं. फक्त तुम्ही सांगितलं एक असं तुम्हाला वाटतं, आणि बोटांनी सांगितलेलं असतं दुसरंच. परत इन्स्टॉल करून फरक पडत नाही, कारण बिघडलेलं काहीच नसतं; शिवाय तुमच्या सेटिंग्ज वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, त्या प्रोग्रॅम काढला तरी मागे राहतात.

खाली दिलेली मेनूंची नावं २.१० आणि ३.० या दोन्ही आवृत्त्यांत सापडतील. २.१० एप्रिल २०१८ मध्ये आली, ३.० मार्च २०२५ मध्ये. अनेक कॉम्प्युटरवर अजून जुनीच आहे. कुठे फरक असेल तिथे सांगितलं आहे.

नेमकं घडतं काय

फोटोशॉपमध्ये खोडरबरासाठी 'ई' दाबायची सवय असते. गिम्पमध्ये 'ई' म्हणजे लंबगोल सिलेक्शनचं, म्हणजे चित्राचा ठरावीक भाग निवडायचं, टूल. खोडरबर 'शिफ्ट+ई'वर आहे. तुम्ही 'ई' दाबून काहीतरी पुसायला म्हणून माउस थोडासा ओढता. पुसलं जात नाही, पण तिथे पाच-दहा पिक्सेलचं एक इवलंसं लंबगोल सिलेक्शन तयार होतं. मोबाइलवरून काढलेला फोटो चार हजार पिक्सेल रुंद असतो आणि पडद्यावर तो पंचवीस टक्क्यांवर दिसत असतो. त्यात ते सिलेक्शन कुणाला दिसणार?

आता गिम्पचा नियम असा, आणि फोटोशॉपचाही हाच आहे, की सिलेक्शन असेल तर रंग फक्त त्याच्या आतच लागतो. म्हणजे यानंतर तुम्ही ब्रश कितीही फिरवा, त्या पाच-दहा पिक्सेलांबाहेर एक ठिपका उमटणार नाही. ब्राइटनेस, लेव्हल्स, फिल्टर, सगळं तेवढ्यातच लागू होणार. "फिल्टर लावला तरी फोटो तसाच" ही तक्रारही बहुतेक वेळा इथूनच येते.

पुढे गोष्ट आणखी गुंतते. कुणीतरी सांगतं, सिलेक्शन राहिलं असेल, काढ. फोटोशॉपच्या सवयीनं 'कंट्रोल+डी' दाबलं जातं. गिम्पमध्ये त्यानं सिलेक्शन जात नाही; अख्ख्या चित्राची दुसरी प्रत नव्या टॅबमध्ये उघडते, सिलेक्शनसकट. मग 'कंट्रोल+टी' दाबून फोटो लहानमोठा करून पाहायचा प्रयत्न होतो. गिम्पमध्ये 'कंट्रोल+टी' म्हणजे सिलेक्शनची धावती तुटक रेघ दाखवणं किंवा लपवणं. म्हणजे होती ती खूणही गेली. सिलेक्शन मात्र जागच्या जागी, फक्त आता अदृश्य.

उपाय दहा सेकंदांचा आहे. 'कंट्रोल+शिफ्ट+ए' दाबा, किंवा 'सिलेक्ट' मेनूतलं 'नन' निवडा. मग 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'शो सिलेक्शन'समोर बरोबरची खूण आहे ना ते पाहा. नसेल तर करा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा आंधळी कोशिंबीर. शेवटी वरच्या टॅबकडे नजर टाका. एकाच फोटोच्या दोन-तीन प्रती उघड्या असतील तर जादाच्या बंद करा, म्हणजे एकीवर काम आणि दुसरीचं एक्सपोर्ट असा घोटाळा होणार नाही.

गिम्पमध्ये काहीही अडलं की पहिली गोष्ट 'कंट्रोल+शिफ्ट+ए'. नुकसान काही नाही, चुकून हवं ते सिलेक्शन गेलं तर 'कंट्रोल+झेड' आहेच.

अदलाबदल झालेल्या कळा

गंमत म्हणजे काही कळा अगदी उलटसुलट आहेत. फोटोशॉपमध्ये 'बी' ब्रश आणि 'पी' पेन. गिम्पमध्ये 'पी' ब्रश आणि 'बी' पाथ, म्हणजे पेनच. त्यामुळे 'बी' दाबून रंगवायला गेलात की फोटोवर लहान गोळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा येतात. त्या रेघा चित्राचा भाग नसतात, एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये त्या जात नाहीत. 'पी' दाबा, म्हणजे ब्रश हातात येईल.

'सी' फोटोशॉपमध्ये क्रॉप, इथे क्लोन, म्हणजे फोटोतल्या एका जागेची नक्कल दुसरीकडे उमटवणं. क्रॉप 'शिफ्ट+सी'वर. 'सी' दाबून फोटोवर क्लिक केलं की खाली पट्टीत इंग्रजीत संदेश येतो की आधी स्रोत ठरवा, आणि माणूस म्हणतो क्रॉप चालत नाही. खरोखरच क्लोन करायचं असेल तर स्रोत ठरवण्यासाठी 'कंट्रोल' दाबून क्लिक करायचं. फोटोशॉपमधलं 'ऑल्ट' इथे नाही. 'एम' तिकडे चौकोनी सिलेक्शन, इथे चित्र हलवणारं टूल. चौकोनी सिलेक्शन 'आर'वर. रंग उचलायचा ड्रॉपर 'आय'ऐवजी 'ओ'. सिलेक्शन उलटं करायला 'कंट्रोल+आय'. फोटोशॉपमध्ये हेच दाबलं की फोटोची निगेटिव्ह होते, त्यामुळे इथून तिकडे परत गेलेल्यांचीही फसगत होते. लेयरची, म्हणजे चित्रातल्या एकावर एक थरांपैकी एकाची, प्रत 'कंट्रोल+शिफ्ट+डी'. 'टी' आणि 'झेड' तेवढे दोन्हीकडे सारखे.

मग कळा बदलून घ्याव्यात का? 'एडिट' मेनूत 'कीबोर्ड शॉर्टकट्स' आहे, तिथे हवं ते बदलता येतं. फोटोगिम्प नावाचं एक तयार पॅकेजही मिळतं, ते गिम्पच्या कळा आणि मांडणी फोटोशॉपसारखी करून देतं. दिवसभर दोन्हींवर काम करणाऱ्यानं ते जरूर घ्यावं. पण फोटोशॉप सोडूनच यायचं ठरवलं असेल तर माझं मत उलट आहे: मूळच्या कळाच शिका. इंटरनेटवरचं प्रत्येक उत्तर, प्रत्येक व्हिडिओ मूळ कळा धरून असतो; तुमच्याकडच्या बदलल्या असतील तर मदत शोधताना दर वेळी मनात भाषांतर करत बसाल. दोन आठवडे चिडचिड होते, मग हात वळतो.

कळ आठवली नाही तर तिरकी रेघ, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची '/', दाबा. शोधायची चौकट उघडते. इंग्रजीत टूलचं किंवा कामाचं नाव टाइप केलं की ते समोर येतं आणि तिथूनच चालवता येतं. ही एक सोय माहीत नसल्यामुळे लोक मेनू धुंडाळण्यात तास घालवतात.

सिलेक्शन नाही, तरी ब्रश उमटत नाही

आता खिडकीच्या तळाशी असलेल्या बारीक पट्टीकडे बघा. गिम्प अडलं की कारण बहुतेक वेळा तिथे लिहितं, आणि तिथे कुणी बघत नाही. लेयर लॉक आहे, लेयर लपवलेला आहे, तुम्ही लेयरवर नसून लेयरच्या ग्रुपवर आहात, असे संदेश तिथेच येतात. लॉक असेल तर लेयरच्या पॅनेलमधलं लॉकचं चिन्ह काढा. लपवलेला असेल तर डोळ्याचं चिन्ह चालू करा. ग्रुप असेल तर त्याच्या आतला लेयर निवडा.

पट्टीत काहीच संदेश नसेल तर तीन शक्यता उरतात.

पहिली, लेयरच छोटा आहे. गिम्पमध्ये प्रत्येक लेयरला स्वतःची हद्द असते. दुसरीकडून आणून चिकटवलेला लोगो त्याच्या मापाचाच राहतो, त्याच्याभोवती पिवळी-काळी तुटक चौकट दिसते. त्या चौकटीबाहेर ब्रश चालणार नाही. 'लेयर' मेनूत 'लेयर टू इमेज साइझ' निवडा, हद्द चित्राएवढी होते. ३.० मध्ये ब्रशच्या पर्यायांत 'एक्सपांड लेयर्स' अशी खूण करायची सोय आली आहे. ती केली की रंगवता रंगवता हद्द आपोआप वाढते.

दुसरी, तुम्ही लेयरवर नव्हे, मास्कवर रंगवताय. लेयरच्या शेजारी दुसरं छोटं चित्र दिसत असेल तर तो मास्क, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसायचा ते ठरवणारा पडदा. मास्क चालू असताना लेयरच्या हद्दीची चौकट पिवळीऐवजी हिरवी होते, हे ओळखायला सोपं. लेयरच्या छोट्या चित्रावर क्लिक करा.

तिसरी शक्यता फक्त २.१० वाल्यांसाठी. तिथे 'कंट्रोल+व्ही' केलं की चिकटवलेला भाग अधांतरी राहतो, पॅनेलमध्ये 'फ्लोटिंग सिलेक्शन' असं दिसतं, आणि त्याचा निकाल लावेपर्यंत बाकीच्या लेयरवर काम करता येत नाही. खालच्या लेयरमध्ये मिसळायचा असेल तर 'कंट्रोल+एच', वेगळा ठेवायचा असेल तर 'कंट्रोल+शिफ्ट+एन'. नवशिक्यांना यानं वर्षानुवर्षं छळलं, ३.० मध्ये चिकटवलेला भाग सरळ नवा लेयर होतो.

यातलं काहीच नसेल तर ब्रशच्या पर्यायांतली अपारदर्शकता शून्याजवळ गेली आहे का ते बघा. त्या पॅनेलच्या तळाशी मूळ स्थितीत आणायचं बटण असतं, ते दाबलं की विषय संपतो.

खोडलं तर पांढरं होतं, पारदर्शक होत नाही

जेपीजी फाइलमध्ये पारदर्शकता नावाची गोष्टच नसते. त्यामुळे ती उघडल्यावर लेयरला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची नोंद, नसतो, आणि खोडरबर मागचा रंग लावत सुटतो; तो सहसा पांढरा असतो. पॅनेलमध्ये लेयरचं नाव ठळक अक्षरांत दिसत असेल तर अल्फा नाही असं समजा. 'लेयर' मेनू, त्यात 'ट्रान्स्परन्सी', त्यात 'ॲड अल्फा चॅनल'. आता खोडलं की राखाडी चौकटी दिसतील. मात्र शेवटी पीएनजीमध्ये एक्सपोर्ट करा. परत जेपीजी केली की सगळी मेहनत पांढऱ्या रंगात बुडते.

अख्खा फोटो लालसर झाला

क्विक मास्क, म्हणजे ब्रशनं रंगवून सिलेक्शन करायची सोय, चालू झालाय. 'शिफ्ट+क्यू' दाबा, जाईल. चित्राच्या खिडकीत अगदी डाव्या खालच्या कोपऱ्यात याचं छोटं बटण असतं, त्यावर चुकून क्लिक होतं. फोटोचा रंग बिघडलेला नसतो, तेव्हा व्हाइट बॅलन्सशी झटापट करू नका.

बाजूची सगळी पॅनेलं एकदम गायब झाली असतील तर 'टॅब' दाबला गेलाय, परत दाबा. एखादंच पॅनेल गेलं असेल तर 'विंडोज' मेनूत अलीकडे बंद केलेल्यांची यादी मिळते. आणि एखादं टूलच दिसत नसेल तर ते दुसऱ्याच्या पोटात आहे: २.१०.१८ पासून मिळतीजुळती टूल्स एका चिन्हाखाली ठेवतात, चिन्हावर माउस दाबून धरला की उघडतात. मला स्वतःला हे आवडत नाही. प्रेफरन्सेसमध्ये टूलबॉक्सच्या पानावर 'यूज टूल ग्रुप्स'ची खूण काढली की सगळी पूर्वीसारखी पसरून दिसतात.

सेव्ह केलं, पण अर्जावर फाइल चढत नाही

सेवा केंद्रांतून येणारी सर्वांत जास्त ओरड ही. 'कंट्रोल+एस' केलं, फाइल तयार झाली, पण ती एक्ससीएफ निघाली आणि संकेतस्थळ ती घेत नाही. काही जण तिचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहितात. त्यानं फाइल आतून बदलत नाही.

२०१२ साली आलेल्या २.८ पासून गिम्पनं सेव्ह आणि एक्सपोर्ट वेगळे केले. सेव्ह म्हणजे लेयर वगैरे सगळं जपणारी स्वतःची फाइल. जेपीजी, पीएनजी हवी असेल तर 'कंट्रोल+शिफ्ट+ई'. (एक्ससीएफ ही अक्षरं बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका संगणक क्लबच्या नावातली. गिम्प लिहिणारे स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस तिथलेच विद्यार्थी, पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९६ ची.) जेपीजी एक्सपोर्ट करून झाल्यावरही बंद करताना गिम्प विचारतं, बदल साठवायचे का? घाबरू नका. ते एक्ससीएफबद्दल विचारतंय. लेयर परत लागणार नसतील तर खुशाल 'डिस्कार्ड' करा.

आता मापाचं. समजा बँक भरतीचा आयबीपीएसचा अर्ज आहे: फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. दुसऱ्या परीक्षांची मापं वेगळी असतात, त्या त्या जाहिरातीत बघा. क्रॉप टूल घ्या, त्याच्या पर्यायांत 'फिक्स्ड' चालू करून आस्पेक्ट रेशोच्या चौकटीत २०:२३ लिहा. आता चौकट कशीही ओढली तरी प्रमाण तेच राहील. चेहरा बसवा, एंटर. मग 'इमेज' मेनूत 'स्केल इमेज', रुंदी २००. साखळीचं चिन्ह जोडलेलं असेल तर उंची आपोआप २३० च्या घरात येते. एखाद्या पिक्सेलचा फरक पडला तर साखळी तोडून नेमकी लिहा. उलट क्रमानं, म्हणजे आधी स्केल आणि मग क्रॉप, करू नका. त्यात चेहरा ताणला जातो किंवा माप हुकतं.

केबीसाठी अंदाजपंचे करायची गरज नाही. जेपीजी एक्सपोर्ट करताना जी चौकट येते तिच्यात 'शो प्रिव्ह्यू इन इमेज विंडो' अशी खूण असते. ती केली की क्वालिटीची पट्टी सरकवताना फाइलचा आकार तिथेच दिसत राहतो. क्वालिटी पार खाली आणूनही आकार हवा तेवढा उतरत नसेल तर त्याच चौकटीत एक्झिफ (कॅमेऱ्यानं फाइलमध्ये घातलेली माहिती) आणि थंबनेल (छोटं नमुनाचित्र) यांच्या खुणा काढा. एवढ्याशा फोटोत हे ओझंच जास्त असतं. आकार किमान मर्यादेच्याही खाली जात असेल तर क्वालिटी वाढवा, पिक्सेल वाढवू नका.

सहीचा कागद मोबाइलच्या फोटोत करडा दिसतो. 'कलर्स' मेनूत 'लेव्हल्स' उघडा, तिथल्या पांढऱ्या बिंदूच्या ड्रॉपरनं कोऱ्या कागदावर क्लिक करा. कागद पांढरा होतो आणि शाई उठून दिसते. तरी डाग राहिले तर पांढरी बाजू थोडी आत सरकवा.

मराठी मजकुराचा फॉन्ट बदलतच नाही

टेक्स्ट टूलनं 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' लिहिलं, यादीतून दहा फॉन्ट निवडून पाहिले, अक्षर तेच. कारण त्या दहांत देवनागरी नाही. निवडलेल्या फॉन्टमध्ये अक्षर सापडलं नाही की गिम्प देवनागरी असलेला दुसरा फॉन्ट स्वतःच वापरतं, म्हणून मजकूर मोडत नाही पण बदलतही नाही. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी असे युनिकोड (सगळीकडे चालणाऱ्या मानक अक्षरसंकेताचे) फॉन्ट मोफत मिळतात, ते घाला. गिम्प उघडं असताना फॉन्ट टाकला असेल तर फॉन्टच्या पॅनेलमधलं यादी ताजी करायचं बटण दाबावं लागतं.

श्री-लिपी किंवा कृतीदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर इथे आणून चिकटवलात तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसेल. तो मजकूर मुळात युनिकोड नाही. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि मग आणा. जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालाच, कारण कन्व्हर्टर तिथेच चुकतात.

तरीही नाही जमलं तर

खिडकीच्या वरच्या पट्टीत फाइलच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा. तिथे 'इंडेक्स्ड' दिसत असेल तर चित्रात ठरावीक रंगच मावतात. जिफ आणि काही पीएनजी लोगो तसे असतात. लाल निवडला आणि तपकिरी उमटला, असं त्यामुळे होतं. 'इमेज' मेनूत 'मोड', तिथे 'आरजीबी'.

तेही ठीक असेल तर 'एडिट'मधल्या प्रेफरन्सेसमध्ये जा. टूल ऑप्शन्सच्या पानावर साठवलेले पर्याय मूळ स्थितीत आणायचं बटण आहे, विंडो मॅनेजमेंटच्या पानावर खिडक्यांच्या जागांसाठी तसंच एक. आधी ही दोन दाबा, गिम्प बंद करून परत उघडा. प्रेफरन्सेसच्या तळाशी सगळंच मूळ स्थितीत नेणारं 'रीसेट' आहे, ते शेवटी. मदत मागायची वेळ आलीच तर फक्त फोटोचा नव्हे, अख्ख्या खिडकीचा स्क्रीनशॉट पाठवा: वरची पट्टी, लेयरचं पॅनेल, टूलचे पर्याय आणि खालची पट्टी त्यात आली पाहिजे. गिम्पची आवृत्तीही लिहा. ती 'हेल्प' मेनूत 'अबाउट'मध्ये मिळते.